पानातील ओलावा

तंबाखू हिंदुस्थानात कोणी आणली, ती राजदरबारातून झोपडीपर्यंत कशी पोहोचली, तिच्यावर बंदी कोणी घातली आणि कर कोणी बसविला, यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. ती तंबाखू ज्यात ठेवली जाते त्या डबीकडे, बटव्याकडे, पेटीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पाहता तंबाखूचा निम्मा संसार या पात्रावरच अवलंबून असतो. झाडावरून तोडलेले, वाळविलेले आणि मुरविलेले पान मेलेले दिसले, तरी हवेशी त्याचे देणेघेणे चालूच असते. हवा कोरडी झाली की ते आपल्यातील ओलावा तिला देऊन टाकते आणि बोटांत चुरगळते. हवा दमट झाली की तोच ओलावा परत घेते, आणि घेता घेता बुरसते. अति कोरडे पान भडकन जळते व घशाला झोंबते. अति ओले पान पेटतच नाही. म्हणून ज्याला तंबाखू राखावयाची असे, त्याला ओलाव्याचा विचार करणे भागच पडे.

हा विषय मला सुचला तो रायपुरातील बूढापाऱ्यात. पारा म्हणजे छत्तीसगढीत वस्ती. विस्तीर्ण बूढा तलावाच्या, म्हणजेच आजच्या विवेकानंद सरोवराच्या, काठी वसलेली ही जुनी वस्ती मराठी माणसाला परकी वाटत नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राज्य केले आणि त्यांच्यामागून मराठी कारकून, पुराणिक, शिलेदार व सावकार छत्तीसगढात स्थिरावले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. पुढे १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच रायपुरात वावरले. त्यांच्या नावाची शाळा बूढापाऱ्यात आहे. याच वस्तीतील एका वयोवृद्ध मराठी स्नेह्यांना परदेशी असलेल्या मुलाने उंची चिरुटांचा एक खोका पाठविला. ते स्वतः ओढणारे नव्हेत. पण येणाऱ्याजाणाऱ्यांचे आतिथ्य करण्याची त्यांना हौस. चिरूट ठेवण्यासाठी ज्याला इंग्रज ह्युमिडॉर म्हणतात ती पेटी घ्यावी म्हणतो, कोणती घ्यावी, असे त्यांनी मला विचारले. प्रश्न साधा होता. उत्तर शोधता शोधता मी साडेचारशे वर्षे मागेपुढे फिरून आलो.

तंबाखूच्या पेटीची आपल्या इतिहासातील एक फार जुनी नोंद सापडते ती विजापूरच्या संदर्भात. अकबर बादशहाचा वकील असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून आग्र्यास परतला. दक्षिणेत पोर्तुगिजांच्या संगतीने रुळलेली तंबाखू त्याने विजापुरात प्रथमच पाहिली होती. ती त्याने बादशहासाठी बरोबर नेली, आणि कशात नेली याचेही वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. रत्नजडित चिलीम, तिची लांब नळी, त्या नळीसाठी चांदीची नळकांडी व तिच्यावर जांभळ्या मखमलीचे आवरण असा सारा थाट त्याने केला होता. तंबाखूसाठी मात्र त्याने नवी पेटी घडविली नाही. आदिलशहाने त्याला विड्याच्या पानांचा एक अत्यंत सुबक बटवा दिला होता. त्यातच त्याने उत्तम तंबाखू भरली आणि सारा सरंजाम चांदीच्या तबकात मांडून बादशहापुढे ठेवला. अकबराने एकदोन झुरके घेतले. दरबारातील हकीम, हे अनोळखी औषध आहे, ते घेऊ नये, असे विनवीत राहिले. हकिमांचे म्हणणे तेव्हा मागे पडले. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूस मनाई केली, तीही टिकली नाही.

या प्रसंगात मला लक्षणीय वाटतो तो बटवा. परदेशी पान आले आणि आपल्या देशी पानाच्या घरात राहावयास गेले. यात नवल नाही. विड्याचे पान कोमेजू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार होती. पान ताजे राखण्याची विद्या आपल्या घरात आधीच नांदत होती. तिला केवळ एक नवा आश्रित मिळाला.

हुक्क्याने या प्रश्नाचे निराळेच उत्तर शोधले. ओलावा पात्रात राखण्याऐवजी त्याने तो तंबाखूतच घातला. कुटलेल्या तंबाखूत गूळ किंवा काकवी मळली की तो गोळा सहजासहजी वाळत नाही, कारण गूळ हवेतील पाणी धरून ठेवतो. असा गोळा साध्या मडक्यातही पुष्कळ दिवस राहतो. छत्तीसगढात आजही घरोघरी दातांना लावण्यात येणारा गुडाखू हा याच कुळातला. त्याच्या नावातच गूळ आणि तंबाखू एकत्र आले आहेत. टिकलीएवढ्या गोल डबीत तो वर्षभर मऊ राहतो, आणि त्याची सवय मात्र जन्मभर सुटत नाही.

हुक्क्याच्या संदर्भात बूढापाऱ्याला एक वेगळी आठवण जोडावीशी वाटते. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त यांचे कुटुंब रायपुरास आले. गावाला तेव्हा रेल्वे नव्हती. अरण्यातून बैलगाडीने यावे लागे. चौदा वर्षांचा नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद, येथे सुमारे दोन वर्षे राहिला, आणि बूढापाऱ्यातील डे भवन या वास्तूशी त्या वास्तव्याची आठवण निगडित आहे. त्याच्या बालपणीची कलकत्त्यातील एक हकीकत त्याच्या चरित्रांतून येते. वडिलांच्या बैठकीत निरनिराळ्या जातींच्या पक्षकारांसाठी निरनिराळे हुक्के मांडलेले असत. मुलाने एके दिवशी एकामागून एक सारे हुक्के ओढून पाहिले. वडिलांनी विचारले, हे काय चालले आहे? तो म्हणाला, जात मोडली तर काय होते ते पाहत होतो. काहीच झाले नाही, हे त्याला तेव्हाच कळले. आपल्यालाही यातून एक गोष्ट कळते. तंबाखूचे पात्र ओलावा राखते त्याबरोबर माणसामाणसांतील अंतरही राखते. कोणाची तंबाखू कशात राहते हे पाहिले, की समाजात कोण कोठे राहतो तेही दिसू लागते.

खुद्द छत्तीसगढच्या खेड्यात तंबाखूला माखुर म्हणतात, आणि पानाच्या सुरळीत ती भरून ओढतात तिला चोंगी. चोंगी ओढणाऱ्याला पेटी लागत नाही. झाडाचे पान हेच त्याचे वेष्टण. तरीही दक्षिणेकडे बस्तरात मुरिया तरुणांनी लाकडात कोरलेल्या तंबाखूच्या डब्या इतक्या देखण्या असत, की मध्य भारताच्या आदिवासी कलेवरील आपल्या १९५१ च्या ग्रंथात व्हेरिअर एल्विन यांनी त्यांची आवर्जून दखल घेतली. मुठीत मावणारी, कमरेला खोचता येणारी आणि घट्ट बुचाची ही डबी आपले काम चोख करी. तिच्यातील साठा दोन-चार दिवसांचा. तेवढ्यात तो वाळत नसे आणि बुरसतही नसे. थोडे ठेवावे आणि लवकर संपवावे, हाही साठवणीचा एक शहाणा मार्ग आहे.

चिरुटांची गोष्ट याहून वेगळी. चिरूट हा शब्द मूळ तमिळ सुरुट्टू यावरून आला. त्याचा अर्थच गुंडाळी असा आहे. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या छावण्यांतून व क्लबांतून देशभर पसरले. चिरुटात पानाशिवाय दुसरे काहीच नसते. आत पान, मध्ये पान, बाहेर पान. गुळाचा आधार त्याला नाही. महिनोन्महिने ठेवावयाचा, तर बाहेरच्या पात्रानेच त्याचा सांभाळ केला पाहिजे. क्यूबासारख्या दमट बेटावर जन्मलेला चिरूट हिवाळ्यात शेगडीने कोरड्या पडलेल्या युरोपीय घरात गेला, की तडकू लागे. त्याला पुन्हा आपल्या बेटाची हवा मिळावी म्हणून जी लाकडी पेटी तयार झाली, तीच ह्युमिडॉर. तेव्हा मुळात ही पेटी पाणी देणारी आहे, हे ध्यानात ठेवावे. कारण नेमके येथेच रायपूरच्या माणसाचे लंडनच्या माणसाशी जमत नाही. रायपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो आणि हवेत नावालाही ओल उरत नाही. दोन महिन्यांनी तेथेच भिंतींना पाझर फुटतो आणि चामड्याच्या वहाणांवर पांढरी बुरशी चढते. लंडनच्या पेटीला बहुधा एकच काम असते. आपल्या पेटीने उन्हाळ्यात पाणी द्यावे आणि श्रावणात घ्यावे, अशी तिच्याकडून अपेक्षा असते.

हे मनात धरून पेटी निवडावी. पहिला विचार लाकडाचा. अशा पेटीला आतून स्पॅनिश सिडारचे अस्तर असते. नाव सिडार असले तरी तो देवदार नव्हे. हे झाड मध्य व दक्षिण अमेरिकेतले, निंब आणि महोगनी यांच्या कुळातले. त्याचे लाकूड ओलावा शोषते, सोडते आणि तरी वाकत नाही. त्याच्या सौम्य वासाने कीडही थोडी दूर राहते. त्याचा हिंदुस्थानी चुलतभाऊ म्हणजे तूण. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी या दोघांना एकाच गणात घालीत, आणि तुणीच्या लाकडाचे चहाचे खोके प्रसिद्धच आहेत. कुशल सुतार हाताशी असेल तर तुणीच्या अस्तराची पेटी येथेही होऊ शकते. नावाला भुलून देवदाराची पेटी मात्र करू नये. त्याच्या तेलाचा उग्र वास सगळ्या चिरुटांना लागतो.

दुसरा विचार झाकणाचा. वरचे रोगण आरशासारखे चकाकते म्हणून पेटी चांगली ठरत नाही. झाकण थोडे उचलून सोडावे. आतली हवा दाबली जाऊन ते सावकाश, उशीवर टेकल्यासारखे बसले पाहिजे. मग कागदाची एक कोरी पट्टी कडेत धरून झाकण लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. चारही बाजूंना ती अडली, तर सांधा नीट आहे. ती सहज निघाली, तर पेटीची किंमत कितीही असो, ती दागिने ठेवावयास घ्यावी.

तिसरा विचार आर्द्रता दाखविणाऱ्या यंत्राचा. १७८३ मध्ये जिनीव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक वर्णिला. ओल वाढली की केस लांबतो, घटली की आखडतो, एवढेच त्याचे तत्त्व. पेटीवरील काटेरी तबकडी हीही बहुधा अशीच एखादी गोष्ट असते आणि पुष्कळदा खोटे बोलते. तिची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात होते. एका बुचात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाण्याने भिजवावे आणि बूच व मापक एका घट्ट डब्यात रात्रभर बंद करून ठेवावेत. ओल्या मिठाभोवतालची कोंडलेली हवा पंचाहत्तर टक्के आर्द्रतेवर स्थिर होते, हा निसर्गाचा नियम आहे. सकाळी काटा सत्तर दाखवीत असेल, तर त्यात पाच मिळवून वाचावे. चिरुटांना पासष्ट ते बाहत्तर टक्के मानवते. पंचाहत्तरच्या वर बुरशीचे भय सुरू होते.

याखेरीज दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी आहेत. पेटी आपल्या साठ्याहून तिसऱ्या हिश्शाने मोठी घ्यावी, म्हणजे हवा खेळती राहते. नवी पेटी कोरडी असते; तिचे लाकूड शुद्धजलाच्या ओलाव्याने काही दिवस मुरवावे, एरवी ते चिरुटांचेच पाणी पिऊन टाकते. ओलावा देण्यासाठी साधा पाण्याचा स्पंज ठेवण्यापेक्षा, देण्याघेण्याची दोन्ही कामे करणाऱ्या क्षारांच्या पुड्या हल्ली मिळतात, त्या आपल्या हवेला अधिक योग्य. आणि उष्णतेला विसरू नये. तंबाखूच्या पानात एका सूक्ष्म भुंगेऱ्याची अंडी दडलेली असू शकतात. चोवीस-पंचवीस अंशांच्या वर ती फुटू लागतात आणि एक भुंगेरा सगळा खोका पोखरतो. रायपूरच्या उन्हाळ्यात कोणतीही लाकडी पेटी याला अडवू शकत नाही. घरातील सर्वांत थंड खोली तिला द्यावी, किंवा पेटी न घेता घट्ट झाकणाचा साधा डबा व एक पुडी यांवर काम भागवावे. थोड्या चिरुटांसाठी मी हाच सल्ला देईन.

पेटीची किंमत मात्र नेहमी आतल्या ओलाव्यावरून ठरत नाही. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना त्यांच्या शपथविधीनिमित्त विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी अक्रोडाच्या लाकडाचा एक ह्युमिडॉर भेट दिला होता. १९९६ च्या लिलावात तो पाच लाख चौऱ्याहत्तर हजार डॉलरांहून अधिक किमतीला गेला. एवढ्या पैशांत बूढापाऱ्यातील एक अख्खी गल्ली नव्याने उभी राहिली असती. लोक पेटीसाठी पैसे देतात तेव्हा ते पुष्कळदा पेटीच्या मालकाच्या सावलीसाठी देत असतात.

आता दुसऱ्या एका पेटीकडे वळू या. तिला झाकण नाही, रोगण नाही, आणि बाजारात ती विकतही मिळत नाही. छत्तीसगढ, पूर्व विदर्भ आणि महाकोशल यांच्या अरण्यांत उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडली जातात. पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचे एक प्रमाण पोते, अशी छत्तीसगढातील मोजणी आहे. पहाटे अंधारात बायका-मुले रानात जातात, दुपारपर्यंत पाने आणून गड्ड्या बांधतात आणि सायंकाळी फडावर देतात. फडावर त्या गड्ड्या उन्हात वाळवितात, उलट्यापालट्या करतात. वाळल्यावर पान इतके ठिसूळ होते की पोत्यात भरताना त्याचा चुरा व्हावा. म्हणून भरण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडून ते मऊ करतात. पाणी कमी पडले तर पान फुटते, अधिक झाले तर पोत्यात कुजते. अचूक मापाने केलेले हे शिंपण म्हणजे ह्युमिडॉरचेच शास्त्र; फक्त तेथे तबकडी नसते, शिंपणाऱ्याचा तळहात असतो. आणि हे सारे मान्सूनच्या आधी उरकावे लागते. एक अवकाळी पाऊस फडावर पडला, तर हजारो घरांची वर्षाची रोकड काळी पडते.

ही रोकड कोणाची, हा प्रश्नही जुना आहे. १९६४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशाने कायदा करून तेंदूपानांचा व्यापार आपल्या हाती घेतला, तो मधल्या ठेकेदारापासून तोडणाऱ्याला सोडविण्याच्या हेतूने. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभांनी पानांची विक्री स्वतः करावयास आरंभ केला. शासनाच्या सेवेत असल्यामुळे मी एवढेच म्हणेन की, पान मऊ राखणे हे कायद्यापेक्षा सोपे काम आहे.

रानातील पान पुढे विडी वळणाऱ्या बाईच्या घरी येते. ती ते रात्री भिजवून ओल्या किंतानात गुंडाळून ठेवते. सकाळी ते रेशमासारखे वळते. साच्यावर पान कातरावे, चिमूटभर जर्दा भरावा, वळावे, दोऱ्याने बांधावे, असा क्रम दिवसभर चालतो. किंतानाची ती गुंडाळी हा आपल्या देशातील खरा ह्युमिडॉर होय. गोंदिया, सिन्नर, सोलापूर, रायपूर, जबलपूर यांच्या वस्त्यांतून तो घरोघर आहे. फरक इतकाच, की श्रीमंताची पेटी बैठकीच्या खोलीत एका बाजूला असते, आणि विडीवालीच्या घरात त्या एकाच खोलीत किंतान, तंबाखूचे सूप, चूल आणि पाळणा शेजारी शेजारी असतात. पानाला ओलावा मिळतो. तिच्या छातीत मात्र तंबाखूची कोरडी धूळ जाते, आणि तान्ह्या मुलाच्याही. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, १९७६ मध्ये त्यांच्या कल्याणनिधीचा. विडी आणि सिगार ही दोन नावे त्या कायद्याच्या मथळ्यात शेजारी बसली होती. आयुष्यात ती क्वचितच शेजारी बसतात.

अकबराच्या दरबारातील हकिमांचे म्हणणे आज वैद्यकाने निःसंशय खरे ठरविले आहे. तंबाखू कोणत्याही पेटीतली असो, ती कर्करोग आणते, हृदय आणि फुप्फुसे जाळते. उत्तम राखलेला चिरूट हा उत्तम राखलेला अपायच असतो. लाकूड, मीठ, काटा यांच्या साहाय्याने आपण पानाचे आयुष्य वाढवितो, ओढणाऱ्याचे नव्हे. म्हणून जो आज ही पेटी घेऊ इच्छितो, त्याने तिच्याकडे इतिहासातील एक सुबक वस्तू म्हणून पाहावे, आणि ती रिकामी राहिली तर वाईट वाटून घेऊ नये. तुणीचे लाकूड रिकाम्या पेटीतही तितकाच गोड वास देते.

पान जपण्याची विद्या आपण विजापूरच्या बटव्यापासून फडावरच्या शिंपणापर्यंत पूर्णत्वास नेली. तेच पान हाताळणाऱ्या हातांची काळजी घेण्याची विद्या अजून कच्ची आहे. दर वर्षी मृगाचे ढग छत्तीसगढावर येण्यापूर्वी तेंदूची पोती गोदामात पोहोचतात, ताडपत्री घातली जाते, दारे बंद होतात. पोत्यांवर छप्पर असते. ती पाने तोडणाऱ्या आणि वळणाऱ्या बायका त्या पहिल्या पावसात आपापली गळकी कौले शाकारीत असतात.